आधी डाग, मग रंग

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका ओढून वर घेतल्या जातात, झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि जुलै उतरणीला लागला की बंदराबंदरांत एकच धांदल उडते. सैल खिळे ठोका, सांधी भरा, लांबी लावा, रंगाचे दोन हात मारा. नारळी पौर्णिमेला नौका देखणी दिसायला हवी, यात वावगे काही नाही. जिच्या जिवावर घर चालते तिचा तेवढा मान आहेच. पण या घाईत एक काम दरवर्षी मागे पडते. फळीवर उमटलेले काळे, करडे, पांढुरके डाग कशाचे आहेत हे न बघताच त्यांवर रंग चढतो. डाग दिसेनासा झाला की काम झाले, असे मालकही मानतो आणि रंगारीही. माझे म्हणणे असे की लाकडी नौकेच्या डागडुजीत सर्वांत मोलाचा टप्पा रंगाच्या आधीचा आहे: डाग ओळखणे, तो ज्या पाण्याने पडला त्या पाण्याची वाट बंद करणे, लाकूड धुऊन सुकवणे आणि मग डाग काढणे. या टप्प्याला वेळ लागतो, मजुरी लागते आणि या दोन्ही गोष्टी हिशेबात धरायची आपली तयारी नसते. मग त्याची किंमत फळी मोजते आणि पुढे कधीतरी त्या फळीच्या भरवशावर खोल पाण्यात गेलेला खलाशी.

डाग सगळे सारखे नसतात, आणि सगळ्यांवर एकच इलाज चालत नाही. केबिनच्या दारावर किंवा आतल्या फळीवर व्हार्निश असेल आणि त्यावर पांढुरका धुरकट ठिपका असेल, तर पाणी बहुधा व्हार्निशच्या थरातच अडकलेले असते, लाकडापर्यंत पोचलेले नसते. तो डाग सर्वांत निरुपद्रवी. वरचा थर खरवडला की त्याच्याबरोबर तोही जातो. उघड्या लाकडाचा सरसकट करडेपणा ही उन्हाची करणी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निन नावाच्या द्रव्याची मोडतोड करतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे फिकट तंतू उरतात. हा थर अगदी पातळ असतो. हलका पॉलिशपेपर फिरवला की खालचे मूळचे लाकूड दिसू लागते. काळ्या डागाचे मात्र तसे नाही. काळा डाग दोन प्रकारचा: एक बुरशीचा, दुसरा लोखंडाचा. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून फसगत इथेच होते. कपड्यांसाठी वापरतो त्या ब्लीचचे पातळ पाणी डागावर एका कोपऱ्यात लावून पाहावे. डाग फिका पडला तर बुरशी, जसाच्या तसा राहिला तर लोखंड. इतकी साधी चाचणी करायलाही कुणी थांबत नाही.

लोखंडाच्या डागाकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण नौकेची सगळी कुंडली त्यात असते. लाकडात टॅनिन ही तुरट द्रव्ये असतात. ओलसर लाकडात लोखंडी खिळा गंजू लागला की विरघळलेले लोह या टॅनिनला भेटते आणि गडद निळसर काळे संयुग तयार होते. कापड काळे रंगवण्यासाठी आणि शाईसाठी हिरडा आणि हिराकस एकत्र करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिथे जे घडते तेच खिळ्याभोवती घडते. कोकणात नौकांसाठी वापरले जाणारे ऐन आणि किंजळ हे तर हिरड्याचेच जवळचे भाऊबंद. सागातही डाग पडतो, फणस-आंब्याच्या फळीतही पडतो. आता या डागाचा आकार पाहा. लाकडात पाणी आडव्या दिशेपेक्षा रेषेच्या दिशेने कितीतरी सहज सरकते, म्हणून जुना डाग खिळ्याच्या दोन्ही बाजूंना लांबट पसरतो. तो खिळ्याला चिकटून इवलासा असेल तर ओल नुकती शिरली आहे. वीतभर लांब गेला असेल तर तिथे अनेक पावसाळ्यांचे पाणी मुरलेले आहे. डागाला खाली ओघळ फुटला असेल तर पाणी वरून कुठून तरी उतरते आहे. आणि आसपास खिळाच नसताना सांधीतून काळे झिरपत असेल, तर आत लपलेला एखादा बोल्ट गंजतो आहे, असेच धरून चालावे. खाऱ्या, ओल्या लाकडात गंजणारा खिळा नुसता स्वतः झिजत नाही. गंजण्याच्या विद्युत-रासायनिक क्रियेत खिळ्याच्या एका भागाशी आम्ल आणि दुसऱ्या भागाशी अल्कली तयार होते आणि दोन्ही मिळून भोवतालचे लाकूड मऊ करून टाकतात. खिळा जागच्या जागी दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. अशा वलयावर लांबी भरून रंगाचा हात मारणारा माणूस ही पकड गेल्याची खबरच पुसून टाकतो.

लोखंडाची ही खोड टाळण्याचा एक मार्ग आपल्याच समुद्राने फार पूर्वी काढला होता. हिंदी महासागरात शतकानुशतके काथ्याने शिवलेली जहाजे फिरली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका त्याच पद्धतीची. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. आजच्या मासेमारीला तो मार्ग परवडणारा नाही. यंत्राची थरथर, बर्फाचे वजन आणि रोजची घाई सोसायची तर खिळे आणि बोल्ट लागणारच. मग निदान त्यांच्या भोवती काय चालले आहे ते बघण्याची शिस्त तरी हवी.

दुसरी गोष्ट कुजण्याची. लाकडी नौकेचा शत्रू समुद्राचे पाणी, असे बहुतेकांना वाटते. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपुरते ते खरे आहे. पण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला गोडे पाणी हवे असते. म्हणून लाकडी नौका बहुधा वरून खाली कुजते: डेकच्या कडा, नाळेचा माथा, केबिनचे कोपरे, बाहेरच्या पट्ट्यांच्या मागची बाजू, म्हणजे जिथे जिथे पावसाचे पाणी साचून राहते तिथे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नेमका नौका किनाऱ्यावर उभी असताना पडतो. मासेमारी बंद असते तेव्हा नौका विश्रांती घेते असे आपण म्हणतो. कुजण्याच्या दृष्टीने तोच तिचा सर्वांत धोक्याचा काळ. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास गेली की तिला रान मोकळे. झावळ्यांच्या शाकारणीखालून वारा खेळतो. निळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधली की आत वाफ कोंडते आणि ऑगस्टमध्ये ती काढल्यावर फळ्यांवर काळ्या बुट्ट्या दिसतात. त्या बुट्ट्यांत टोच्या दाबून पाहावा. निरोगी लाकूड टोच्याला अडवते आणि उचकटले तर त्याची लांब कुसळे निघतात. कुजलेल्यात टोच्या सहज रुततो आणि चुरा तुटून येतो. हा फरक हाताला लगेच कळतो, मात्र वर रंगाचा थर नसेल तेव्हाच.

डाग दुर्लक्षिल्याने काय होते आणि वेळीच वाचल्याने काय वाचते, याचा सर्वांत बोलका दाखला स्वीडनमधला आहे. ‘वासा’ हे युद्धनौकेचे प्रचंड लाकडी धूड १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले आणि १९६१ मध्ये जवळपास अखंड वर काढले गेले. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे मेणासारख्या द्रव्याचे फवारे मारले, स्वतंत्र संग्रहालय बांधले. २००० सालच्या दमट उन्हाळ्यात जहाजावर पांढरे-पिवळे डाग उमटू लागले. ते पुसून टाकणे सोपे होते. तज्ज्ञांनी मात्र ते तपासले, तेव्हा कळले की बंदराच्या घाण पाण्यात असताना लाकडात मुरलेले गंधक हवेच्या संपर्काने सल्फ्युरिक आम्लात बदलते आहे आणि गंजलेल्या बोल्टांतून लाकडात उतरलेले लोह ही क्रिया वेगाने घडवून आणते आहे. त्यानंतर संग्रहालयाची हवा नियंत्रित करणारी यंत्रणा सुधारली, आणि पुढे काही वर्षे खपून पाच हजारांवर लोखंडी बोल्ट काढून त्या जागी न गंजणारे बोल्ट बसवले. वरून आम्ल मारणारी द्रव्ये लावून भागले नाही. डागाच्या मुळाशी असलेल्या ओलीला आणि लोखंडाला हात घालावा लागला. राष्ट्रीय ठेवा म्हणून त्यांच्याकडे पैसा होता, आपल्या नौकेच्या मालकाकडे तो नाही, हे मान्य. पण कामाचा क्रम पैशावर अवलंबून नसतो. डाग का पडला हे आधी विचारणे दहा मीटरच्या होडीलाही परवडते.

आता मिठाकडे येऊ, कारण आपल्या रंगकामाचा सर्वांत मोठा घात तिथे होतो. समुद्राचे पाणी लाकडात मुरून सुकले की मीठ मागे राहते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः ओले होते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता दिवसच्या दिवस त्याच्या वर असते. म्हणजे खारट फळी छपराखाली ठेवली तरी सुकत नाही; तिच्यातले मीठच तिला ओली ठेवते. अशा फळीवर अस्तराचा हात मारला तर रंग लाकडाला न धरता मिठाच्या पापुद्र्याला धरतो आणि पहिल्याच उन्हात फुगे येतात. मग लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात. उपाय साधा आहे: नौका वर ओढल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुणे, नुसते शिंपडणे पुरेसे नाही, डेक, आतले कप्पे, खिळ्यांच्या जागा नीट खळखळून. कोकणात मे महिन्यात प्यायला पाणी टँकरने येते, तिथे नौका कशाने धुवायची, असा प्रश्न कुणी केला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर आभाळात आहे. पाणी काढून टाकण्याची भोके उघडी ठेवून जूनच्या पहिल्या एक-दोन सरी नौकेवर मोकळ्या पडू द्याव्यात, मीठ निघून जाऊ द्यावे आणि मगच शाकारणी करावी. एरवी आपण पहिल्या थेंबाच्या आधी नौका झाकून टाकतो आणि मीठ आत कोंडतो.

लाकूड धुतले, बरेचसे सुकले, सैल खिळे बदलले, पाण्याची वाट बंद झाली की डाग काढण्याची पाळी येते. इथेही सवय आडवी येते. रंगारी डागावर रंधा नाहीतर जाड पॉलिशपेपर चालवतो. लोखंडाचा डाग खोलवर उतरलेला असतो. तो घासून काढायचा म्हणजे फळीत खळगा पाडायचा. दरवर्षी असे केले तर फळी पातळ होत जाते आणि खिळ्यांची डोकी वर येतात. काही जण तारेच्या घासणीने घासतात, ते तर आगीत तेल. घासणीचे बारीक लोखंडी तुकडे लाकडाच्या रंध्रांत अडकतात आणि आठवड्याभरात शेकडो नवे काळे ठिपके उमटतात. लोखंडाच्या डागावर खरा उतारा ऑक्झॅलिक आम्लाचा. ते लोहाला टॅनिनपासून सोडवून पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणते, लाकूड मात्र जवळपास जसेच्या तसे राहते. हे काही परकीय ज्ञान नव्हे. कोकण-गोव्यात परसात असलेल्या बिलिंबीच्या आंबट रसाने कपड्यावरचा गंजाचा डाग निघतो, तो त्यातल्या याच आम्लामुळे. बाजारात ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते, फरशीवरचे गंजाचे डाग काढायलाही वापरतात. लिटरभर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात, कारण लोखंडी बादलीत तेच पाणी नवा डाग तयार करील. जुने व्हार्निश आधी पूर्ण काढलेले हवे, नाहीतर आम्ल लाकडापर्यंत पोचतच नाही. डागापुरते न लावता सबंध फळीला लावावे, म्हणजे चट्टे पडत नाहीत. सुकू द्यावे, गरज पडली तर पुन्हा लावावे आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावे.

हे आम्ल विषारी आहे, यात काही लपवण्यासारखे नाही. हातमोजे, चष्मा हवाच. सुकलेले स्फटिक न धुता पॉलिशपेपर मारला तर ती धूळ नाकातोंडात जाते आणि फार त्रास देते. म्हणून धुण्याआधी घासायचे नाही. आणि बुरशीसाठी वापरलेले ब्लीच धुऊन गेल्याशिवाय हे आम्ल त्या फळीला लावायचे नाही, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. केबिनच्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. रसायन धोक्याचे म्हणून नको, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की नौकेच्या तळाला लावला जाणारा किडेमार रंग याहून सौम्य नसतो, आणि तो आपण उघड्या हातांनी लावत आलो आहोत. धोका ओळखून काम करणे हा त्यावरचा मार्ग.

पहिला आक्षेप हमखास येतो: आम्ही व्हार्निश थोडेच करतो, जाड निळा-हिरवा रंग लावतो, त्याखाली डाग दिसतोच कुठे? दिसत नाही, हे खरे. त्यामुळे डागाचा रंग घालवण्यासाठी आम्ल वापरण्याची गरज अशा नौकेवर कमी आहे, हेही मी मान्य करतो. पण डाग काढणे हा वरच्या क्रमातला शेवटचा भाग. त्याच्या आधीचे सगळे, म्हणजे ओळखणे, टोच्याने तपासणे, खिळा बदलणे, धुणे, सुकवणे, हे जाड रंगाखाली जास्तच आवश्यक ठरते. व्हार्निशखाली नवा डाग उमटला तर पुढच्या महिन्यात दिसतो. जाड रंगाखाली तो तीन-चार हंगाम बिनबोभाट वाढतो. ज्या नौकेचा रंग सर्वांत दाट, तिची फळी उघडी असताना सर्वांत कसून बघायला हवी.

दुसरा आक्षेप अनुभवी मेस्त्रींचा आहे आणि तो वजनदार आहे. लाकडी नौका फार सुकवू नये. फळ्या आकसतात, सांधी उघडतात, उन्हात तडे जातात. बरोबर आहे. फळी पाण्यात फुगून सांध घट्ट धरते, हा लाकडी नौकेच्या बांधणीचा पायाच आहे. म्हणून सुकवणे याचा अर्थ मे महिन्याच्या उन्हात तापवणे असा कुणी घेऊ नये. सावली आणि वारा, एवढेच हवे. शिवाय पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या आणि वरच्या फळ्या यांना एकच मोजमाप लावू नये. कुजणे आणि डाग यांचा त्रास मुख्यतः वरच्या भागात असतो. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पावसाळी हवेत, छपराखाली ठेवलेले स्वच्छ लाकूडही सतरा-अठरा टक्के ओलीच्या फारसे खाली उतरत नाही. कुजणे थांबवायला आणि साध्या रंगाला तेवढे चालते. पण व्हार्निशचे नाजूक काम आणि फायबरचे आवरण यांना लाकूड त्याहून कोरडे लागते. ती कामे जुलैमध्ये करण्याचा हट्ट सोडावा आणि हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर हाती घ्यावीत. धंदा बुडतो म्हणून हे नको म्हणणाऱ्याने हिशेब मांडून पाहावा: ओल्या लाकडावर केलेले व्हार्निश त्याच हंगामात सुटते आणि काम दोनदा करावे लागते.

तिसरा आक्षेप: लाकडी नौकांचे दिवसच संपत आले, फायबर आले, आता या चर्चेचा उपयोग काय? नव्या नौका मोठ्या प्रमाणात फायबरच्या होत आहेत, हे खरे आहे. तरी किनाऱ्यावर जुन्या लाकडी नौका अजून पोट भरत आहेत, गेटवेला प्रवाशांची ने-आण करणाऱ्या लाकडी लाँच आहेत आणि पुष्कळ जुन्या लाकडी नौकांवर फायबरचा थर चढवला जातो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा आवरणावर बरेच काम केले आहे, आणि पोखरणाऱ्या किड्यांपासून ते उत्तम संरक्षण देते. पण त्याची अट एकच: खालचे लाकूड निरोगी आणि कोरडे हवे. काळ्या वलयांसकट, ओलसर, खारट फळीवर फायबर चढवले तर राळ नीट धरत नाही, ओल आत बंद होते आणि बाहेरून नवी कोरी दिसणारी नौका आतून पोकळ होत जाते. तेव्हा फायबरने आपला प्रश्न मिटवला नाही, उलट रंगाआधीच्या तपासणीची किंमत वाढवली. रंग खरवडता येतो. फायबर उचकटून आत पाहायला कोण बसतो?

चांगले लाकूड नीट राखले तर किती टिकते हे मुंबईला कुणी सांगायला नको. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. सागाची तेलकट जात लोखंडालाही जपते, ओकप्रमाणे त्याला खात नाही, म्हणून त्या काळी मुंबईच्या जहाजांना मागणी होती. पण नुसत्या सागाने दोनशे वर्षे काढली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांनी वेळोवेळी फळ्या उघडून पाहिल्या, कुजके काढले, नवे घातले. आपल्याकडे आज साग महाग आहे, मोठ्या रुंदीच्या फळ्या मिळणे कठीण झाले आहे, जाणते मेस्त्री थकत चालले आहेत. अशा वेळी जी फळी हातात आहे ती राखणे यापेक्षा मोठी काटकसर दुसरी नाही.

मग हे होत का नाही? कारण आपण मोजतो ते चुकीचे. रंगाऱ्याशी सौदा ठरतो तो हातांवर: दोन हात की तीन. सरकारी कामांतही रंगकाम चौरस मीटरवर मोजले जाते आणि त्याआधीची सफाई त्याच दरात गृहीत धरली जाते. जे वेगळे मोजले जात नाही ते काटले जाते, हा कुठल्याही कंत्राटाचा स्वभाव. खरवडून फळी उघडी करण्यात दोन दिवस घालवणारा प्रामाणिक रंगारी तोट्यात जातो आणि डागावर लांबी फिरवून मोकळा होणारा नफ्यात. प्रवासी लाँच किंवा खात्यांच्या नौका यांच्या निविदांत उघड्या लाकडाची तपासणी, सडलेल्या खिळ्यांची बदली आणि ओलीचे माप ही स्वतंत्र कामे म्हणून दाखवायला हवीत, त्यांची नोंद रंगाच्या आधी व्हायला हवी, आणि ती नोंद झाल्याशिवाय रंगाचे बिल निघू नये. उघड्या फळ्यांचे फोटो काढून ठेवायला आज कुणाचीही हरकत नसावी. पुढच्या वर्षी तेच वलय वाढले की थांबले, हे त्यावरून कळते.

मच्छीमार सहकारी संस्था डिझेल आणि बर्फ पुरवतात. त्यांनी याच यादीत आणखी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, लाकडातली ओल मोजणारे हातात मावणारे यंत्र. ते काही हजार रुपयांत मिळते आणि एका बंदराला एक पुरते. मिठामुळे त्याचे माप खोटे वाढते, म्हणून धुतल्यानंतरच ते वापरावे. दोन, चारही बाजूंनी वारा खेळेल असे एक उंच सामाईक छप्पर, जिथे पाळीपाळीने नौका सुकवता येतील. आणि नौकेच्या मालकांना विनंती अशी: येत्या हंगामात रंगाऱ्याशी दर ठरवताना खरवडणे-तपासणे-धुणे याची एक रक्कम आणि रंगाची दुसरी, अशा दोन रकमा वेगळ्या ठरवा. पहिली रक्कम चुकती करण्याआधी उघड्या फळ्या स्वतः हातात टोच्या घेऊन पाहा, आणि जिथे टोच्या रुतेल तिथे रंगाचा डबा उघडू देऊ नका.